पिशवीतलं मांजर

धाकटी जाऊ इंग्रजीत एम.ए. आहे, असं लग्नाच्या वेळी सांगितलं होतं. तेव्हापासून सासूबाई आल्यागेल्याला तेच ऐकवायच्या, आणि थोरलीच्या पोटात दुखायचं. वीस वर्षं घर ओढलं तिने, कौतुक मात्र हिचं.

धाकटी रोज दुपारी "लायब्ररीत जाते" म्हणून बाहेर पडायची, पण येताना हातात पुस्तक कधी नसायचं. एक दिवस थोरली मागोमाग निघाली. आज हिचं पितळ उघडं पाडायचंच!

धाकटी एका क्लासात शिरली आणि शेवटच्या बाकावर बसली. दारावर पाटी होती, 'नवशिक्यांसाठी इंग्रजी'.

आत बाई शिकवत होत्या, "लपवलेलं उघड झालं की इंग्रजीत पिशवीतून मांजर बाहेर येतं. आणि आपल्याकडे काय फुटतं?"

"भांडं!" सगळा वर्ग ओरडला. धाकटीही ओरडली, आणि तेवढ्यात तिला दारात थोरली दिसली.

ती धावत बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"ताई, मी बारावी नापास आहे. बाबांनी खोटं सांगितलं. घरी सांगाल का हो?"

थोरलीने आत फळ्याकडे पाहिलं. त्यावरचं एक अक्षरही तिला लागत नव्हतं.

"नाही सांगणार," ती म्हणाली. "पण उद्यापासून तुझ्या शेजारी माझी जागा धरायची. आणि सासूबाईंसमोर इंग्रजीतलं पहिलं वाक्य मी बोलणार. तू नाही."