बारा नंबरचा कोपरा

"माईक काय एका मोसमात चारचारदा बिघडतो?" मागच्या बाकावर ब्रिन पुटपुटली. "दर बुधवारी आपलं मुकं चित्र."

डार्लाने ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवलं. रविवारी चर्चहून आली की कोटसुद्धा न काढता ती सामन्याची फिल्म कापायला बसायची, आणि कापताना आवाज काढून टाकायची. माईक बिघडलाय हे तिनेच मुलींना सांगितलं होतं. शाळेच्या बास्केटबॉल संघाची दुसरी कोच म्हणून तिच्याकडे जी कामं होती, त्यांत हे एक.

वर्गाच्या भिंतीवर शनिवारचा सामना चालू होता. समोरच्या संघाची मुलगी डाव्या कोपऱ्यातून एकटीच आत शिरली, स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरावं तशी. बॉल अलगद बास्केटमध्ये टाकला आणि परत गेली. तिला अडवायला कुणीच नव्हतं.

"थांबव," मुख्य कोच स्टकी सर म्हणाले. हातातली लाकडी पट्टी त्यांनी भिंतीवर टेकवली. "बारा नंबर, हा कोपरा कुणाचा?"

"माझा, सर," टेगन म्हणाली.

"मग तू तिथे काय करत होतीस? मक्यातलं बुजगावणं झाली होतीस?"

कुणी हसलं नाही. मोसमाच्या सुरुवातीला, नोव्हेंबरात हसायच्या.

आठ सामन्यांत सहा हरले होते, आणि प्रत्येक हार त्याच कोपऱ्यातून आत आली होती. गावाने निकाल केव्हाच लावून टाकला होता. पेट्रोल पंपावर, चर्चच्या पायऱ्यांवर एकच बोलणं: हल्लीच्या पोरींना बचावासाठी घाम गाळायला नको, नुसते गुण काढायला हवेत. सरांना कोण काय बोलणार? ज्या कोर्टवर हरत होते त्या कोर्टलाच त्यांचं नाव होतं.

सरांचा नियम पस्तीस वर्षं तोच होता. बचाव करताना सरांनी नाव घेतल्याशिवाय कुणी आपली जागा सोडायची नाही. जी स्वतःच्या अकलेने पळाली, ती पुढच्या सामन्यात बाकावर. याच नियमावर त्यांनी या एवढ्याशा गावाला अख्ख्या इंडियाना राज्याचा चषक जिंकून दिला होता. तेव्हा अठरा वर्षांची डार्ला बारा नंबर घालून हाच कोपरा राखायची. सरांच्या तोंडून नाव निघेपर्यंत तिचे पाय निघालेले असायचे. यंदा टेगनचे लांब हात बघून तिनेच तो नंबर कपाटातून काढून पोरीच्या हातात दिला होता.

"या शनिवारी तू बसशील," सर म्हणाले.

टेगनचा चेहराच उतरला. शनिवारी एका कॉलेजची बाई चार तास गाडी चालवून तिचा खेळ बघायला येणार होती. बाईला खेळ पसंत पडला तर शिष्यवृत्ती. नाही तर टर्की पक्षी कापायचा कारखाना, जिथे तिची आई एकोणीस वर्षं थंडगार खोलीत मांस सोलत उभी होती.

"सर, हा एक शनिवार नको," डार्ला म्हणाली. "त्या बाई येतायत."

"त्या बाईंना राखण करणारी पोरगी हवी की पुतळा?"

टेगन उठून उभी राहिली. "तुम्ही माझं नाव घेतलं नव्हतं, सर."

सरांचे कान लाल झाले. "नाव घेऊन घेऊन घसा बसला माझा. दोन दिवस मध चाटतोय. डार्ला, याचा आवाज आहे का कुठे?"

"माईक जरा..."

"आहे की नाही?"

टेगनने डार्लाकडे पाहिलं. मागून ब्रिनने बारीक मान हलवली, नको म्हणून. बाकीच्या मुली आपापले गुडघे बघत होत्या. डार्लाला वाटत होतं, हे ओझं आपण एकटीच वाहतोय. इथे सगळ्याच त्याखाली वाकल्या होत्या.

टेगन खाली बसली. "राहू दे, मॅडम," ती म्हणाली. "चुकलं माझंच. बसते मी शनिवारी."

सतरा वर्षांची पोर. आठ सामने ती शिव्या खात होती, आणि ही अठ्ठेचाळीस वर्षांची बाई रविवार-रविवार बसून आवाज पुसत होती. आपण सरांना सांभाळतोय, असं म्हणायची ती मनाशी.

न कापलेली फिल्म लॅपटॉपमध्येच होती. डार्लाने ती काढली, तोच कोपरा शोधला आणि आवाज पूर्ण मोठा केला.

बुटांचा चरचराट. शाळेचा ढोल. त्या सगळ्यावर चढलेला सरांचा आवाज, जुना, खणखणीत.

"डार्ला! कोपरा! पळ, डार्ला!"

भिंतीवरची टेगन सरांच्या बाकाकडे वळून बघत होती, आपलं नाव येतंय का म्हणून. समोरच्या संघाची मुलगी कोपऱ्यातून आत शिरली.

सरांचा चेहरा खुलला. पट्टी त्यांनी टेबलावर आपटली. "ऐकलंस? घेतलं की नाही नाव? एकदा सोडून दोनदा घेतलंय."

ब्रिनने तोंडावर हात धरला होता. सर एकेका मुलीकडे बघू लागले, आणि त्यांचं हसू कुठे ठेवावं ते त्यांना कळेना.

डार्ला उठली. त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसली आणि त्यांच्या हातातली पट्टी तिने हळूच काढून घेतली.

"सर, डार्ला मी," ती म्हणाली. "मला खेळ सोडून तीस वर्षं झाली."