कर्णधाराचा जन्मदाखला

सतरा वर्षांखालील राष्ट्रीय फुटबॉल संघ सलग अकरा सामने हरला नव्हता, त्यामुळे प्रशिक्षकाचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. तेवढ्यात कर्णधाराची आई, म्हणजे प्रशिक्षकाचीच विधवा वहिनी, तणतणत कार्यालयात शिरली. पासपोर्टच्या अर्जासोबत आलेला मुलाचा जन्मदाखला तिनं टेबलावर आपटला. “मला न विचारता पोराचं वय दोन वर्षांनी कमी केलंत?” “हळू बोला!” दार लावत तो खेकसला. “बोभाटा झाला तर अकराच्या अकरा सामन्यांवर पाणी फिरेल. तुमच्याच पोराचं वाटोळं होईल. मुकाट्यानं अर्जावर सही करा.” “आधी दाखला मोठ्यानं वाचा.” कपाळाला आठ्या घालत त्यानं नवी जन्मतारीख वाचली. खाली वडिलांच्या रकान्यात थोरल्या भावाचं नाव होतं. “या तारखेला त्यांना जाऊन सव्वा वर्ष झालं होतं, भाऊजी. आता पोराचा बाप कोण, तेही तुम्हीच लिहून टाका.”