बाथरूमची फरशी

"बाथरूममध्ये पाय घसरला," यज्ञेश म्हणाला.

गंधालीला किळस आली. हे तिचं वाक्य होतं. दोन वर्षांपूर्वी मनगट मोडलं तेव्हा याच दवाखान्यात, याच स्टुलावर बसून तिने ते डॉ. शर्मिष्ठांना सांगितलं होतं. शेजारी उभा राहून नवरा मान डोलावत होता. आज स्वतःवर वेळ आली तर या बँकेतल्या साहेबाला एक नवी थापसुद्धा सुचू नये? बायकोचं उष्टं वाक्य तोंडात घालताना त्याला काही म्हणजे काही वाटलं नाही.

"तुमच्या घरी सगळे बाथरूममध्येच पडतात का हो?" डॉक्टर म्हणाल्या. "फरशी बदला एकदा. चला, शर्ट काढा. हात वर घ्या बघू."

उजवा हात छातीपर्यंतही येईना. शर्ट काढल्याबरोबर खोलीत बामचा वास पसरला. तीन आठवडे गंधाली दोन्ही वेळा तो बाम त्याच्या खांद्याला चोळत होती. साबण लावूनही वास बोटांवरून जात नव्हता. भात कालवताना नाकात यायचा आणि घास तोंडात फिरायचा.

"पडताना हात टेकलात?"

"हो ना. बादलीवर आपटला."

"टेकला की आपटला? नीट सांगा. खांदा नुसता आखडला असेल, तर हात मलाही वर नेता येणार नाही. मी नेला आणि गेला, तर आतला स्नायू फाटलेला असू शकतो. मग एमआरआय काढावा लागेल."

त्यांनी त्याचा हात कोपराशी धरून हळूहळू वर नेला. गेला. पार डोक्याच्या वर, पंजा उघडा.

शेजारच्या स्टुलावर गंधाली झटकन खाली वाकली.

ती सावकाश सरळ झाली. आता तिला स्वतःचीही शिसारी आली. मेला तो हात धड स्वतःच्या जोरावर उभाही नव्हता, तरी हिची मान आपली खाली.

डॉक्टरांनी हात सोडला. तो धपकन मांडीवर पडला.

"आई गं! बघ ना गं किती दुखतंय," यज्ञेश बायकोकडे बघून कळवळला.

डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला. यज्ञेशकडे पाहिलंच नाही.

"गंधाली, हात कशावर आपटला?"

"मॅडम, मी सांगितलं ना, बादली..."

"कपाटावर," गंधाली म्हणाली. "लोखंडी आहे. मी वाकले म्हणून."

यज्ञेश शर्टाच्या बाहीत हात घालू पाहत होता. जमत नव्हतं. ती मदतीला उठली नाही.

"तसंच लिहू?" डॉक्टरांनी विचारलं.

"लिहा. आणि माझा जुना पेपर असेल ना तुमच्याकडे? त्याच्यावरचं बाथरूम खोडा."