चित्रातलं कुलूप

नवरा वारल्यावर त्याच्या घड्याळांच्या दुकानाला दिराने स्वतःचं कुलूप लावलं आणि कडेवर लेक घेऊन आलेल्या वहिनीला पायरीही चढू दिली नाही. आता तो गल्ल्यावर बसतो; ती समोरच्या फुटपाथवर त्याच बाजाराची चित्रं काढून विकते. चित्रात सगळी दुकानं उघडी असतात. दिराचं तेवढं बंद, दाराला पितळी कुलूप. चित्रं हातोहात खपतात. आज दीर तणतणत आला. "वहिनी, गिऱ्हाईकं विचारतात, दुकान बुडालं का? अब्रू वेशीवर टांगलीत माझी." "कुलूप तुम्हीच लावलंत, भाऊजी. मी नुसतं रंगवलं." "या चित्रात तरी दार उघडं दाखवा." "दाखवते की. एक किल्ली माझ्या हातावर ठेवा." दिराची मूठ खिशातच घट्ट झाली. तो दुकानात परतला. तिने मांडीवर झोपलेल्या लेकीला थोपटलं, बारीक ब्रश उचलला आणि कुलपावर गंज चढवायला घेतला.