तिनाच्या जागी दोन

“नेट पुन्हा गेलं,” ती फोनवर म्हणाली. “आता तूच सांग काय करायचं ते.”

त्याने आपल्या लॅपटॉपच्या पडद्यावर पाहिलं. कोर्टाच्या ऑनलाइन सुनावणीत बाकी सगळ्यांची नावं दिसत होती, बायकोचं तेवढं गायब. कारकुनाने सकाळीच बजावलं होतं, पुकाऱ्याला दोघांपैकी एक जरी नसलं तरी पुढची तारीख सुट्टीनंतर, म्हणजे चार-पाच महिन्यांनी. त्यांच्या घटस्फोटाआधी आता दोनच प्रकरणं उरली होती.

तिच्या जुन्या फोनवर कोर्टाचं ॲप उघडत नव्हतं. राहिला घरातला कॉम्प्युटर. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स होतं आणि ते टाकलं होतं यानेच, लग्नाच्या पहिल्या वर्षी, मुक्त सॉफ्टवेअरवर भलंमोठं व्याख्यान झोडून. तेव्हा तिने ते कौतुकाने ऐकलंही होतं. पुढे त्याचं नेट मधूनमधून जायला लागलं. ‘नेट जातंय रे,’ ती म्हणायची. ‘रविवारी बघतो,’ हा म्हणायचा. रविवार येत गेले आणि घोंगडं भिजतच पडलं.

“राउटर बंद करून चालू केलास?”

“केला. फोनला नेट मिळतंय. हा तुझा लाडकाच मान टाकतो.”

कारण त्याला ठाऊक होतं. कॉम्प्युटरमधलं वाय-फायचं कार्ड वीज वाचवायला बघायचं. जरा काम नसलं की डुलकी काढायचं, आणि मग हलवून हलवूनही जागं होत नसे. कोर्टात नंबर लागायची वाट बघत बसायचं म्हणजे कामच नाही.

‘मलाही काही कळत नाही बघ, कॉम्प्युटरवाल्याला बोलाव.’ एवढं म्हटलं असतं तरी चार-पाच महिने हातात पडले असते. त्याला घटस्फोट नको होता. सही केली होती ती भांडून भांडून दमल्यामुळे. वाक्य अगदी ओठांवर आलं. पण अशी वेळ मारून नेण्यातच त्याचा संसार गेला होता, आणि आता त्याला स्वतःचाच कंटाळा आला होता.

“ती आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघड,” तो म्हणाला. “मी एकेक अक्षर सांगतो, तसं टाइप कर.”

तिने केलं.

“पासवर्ड मागतोय. मी टाइप करतेय, पण काहीच उमटत नाही.”

“उमटत नसतंच. तू टाइप करत राहा, आत जातंय.”

“कसली मेली रीत ही,” ती पुटपुटली, पण टाइप केलं. फाइल उघडली. आत जेमतेम दोन ओळी.

“शेवटी तीन आहे बघ. तो खोड आणि तिथे दोन लिही, म्हणजे ते कार्ड डुलकी काढणार नाही.”

तिने आकडा बदलला. फाइल जतन केली, त्याने सांगितलेली आणखी एक ओळ टाइप केली. तिचं नाव पडद्यावर परत आलं. दोघं फोन कानाला लावून नुसती थांबली. नेट गेलं नाही.

“एवढंच होतं?” तिने विचारलं. “तिनाच्या जागी दोन?”

“हो.”

“आणि तुला माहीत होतं?”

ती चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त “बरं, ठेवते” म्हणाली.

पुकारा झाला. न्यायाधीश बाईंनी कागद चाळले आणि तिला विचारलं, “फेरविचाराला आणखी वेळ हवा असेल तर देता येईल. हवाय?”

तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. दौऱ्यावर असला की ती याच कॉम्प्युटरवरून त्याच्याशी बोलायची, आणि नेमकं काही खरं सांगायला लागली की चित्र थिजायचं. ती तशीच, तोंड अर्धवट उघडं. तेव्हा त्याला सुटल्यासारखं व्हायचं. दुसऱ्या दिवशी तो ते वाक्य पुन्हा विचारत नसे. आज त्याने मनातल्या मनात नेटला म्हटलं, जा. एकदाच जा.

“नको,” ती म्हणाली. “माझा विचार करून झालाय. मला आता कुणाची वाट बघायची नाहीये.”

चित्र जागचं थांबलं नाही. आवाज चिरकला नाही.

न्यायाधीश बाईंनी त्याला विचारलं, “त्यांचं म्हणणं ऐकलंत ना? आवाज नीट येतोय?”

“हो,” तो म्हणाला. “स्वच्छ येतोय.”