जोडीने उमटणारा टी

"हे सॉफ्टवेअर आमच्या फायलींतून चोरलंय," कंपनीचा वकील वर्षानुवर्षं हेच ठणकावत होता. ते लिहून ओपन सोर्स म्हणून जगाला फुकट देणारे आमचे दादा खटला रेंगाळता रेंगाळता गेले. आज वहिनींनी पिशवीतून त्यांचा जुना कीबोर्ड काढून न्यायाधीशांपुढे ठेवला. "यावर 'टी' एकदा दाबला की दोनदा उमटतो. नवा घ्या म्हणून कानीकपाळी ओरडले, पण ऐकतील तर शपथ!" कंपनी स्वतःचा म्हणवत असलेल्या कोडमध्ये लिहिणाऱ्याने मधेमधे टाकलेल्या टिपा उघडून पाहिल्या. तिथेही प्रत्येक 'टी' जोडीने बसला होता; म्हणजे चोरी कंपनीनेच केली होती. "टायपिंगच्या चुका कुणाच्याही होतात," वकील हसला. कारकुनाने कीबोर्ड जोडला. कुणी बोटही लावलं नव्हतं, तोच पडद्यावर 'टी'मागून 'टी' धावू लागले. वकिलाचा चेहरा पांढराफटक पडला. वहिनी कीबोर्डाकडे जराशा वाकल्या. "अहो, पुरे आता. पटलं त्यांना." पडदा थबकला. मग हळूच शेवटची एकच जोडी उमटली.