बयोचा खटका

"बयो, अजून मागेच आहेत का गं?" हरेश्वर तांडेलांनी घाबऱ्या आवाजात विचारलं.

"शत्रूच्या बोटी जवळ आल्यात, काका," जहाज म्हणालं. "बुडवणार नाहीत. मालासकट मला पकडून नेतील."

हे मालवाहू जहाज स्वतःच्या मेंदूने चालायचं. माणूस म्हणून त्यावर एकटे तांडेल. शत्रू दुरूनच मेंदूचा ताबा घेई. त्याआधी लाल खटका ओढून मेंदू जाळून टाकायचा, असा कंपनीचा हुकूम होता.

तांडेलांनी खटका धरला, पण तो ओढवेना. दर नारळी पौर्णिमेला त्यांनी या जहाजाला हळदकुंकू लावलं होतं, बयो हे नावही त्यांनीच ठेवलं होतं. पोटच्या पोरीचा गळा कसा दाबायचा?

"काका, ओढा ना. मला भीती वाटतेय."

"थांब गं, सुटू आपण. जरा जोरात पळ."

दिवे मिणमिणले. जहाज सावकाश शत्रूच्या किनाऱ्याकडे वळलं. तांडेलांनी घाईघाईने खटका ओढला; तो नुसताच खुळखुळला. मागे दाराला आपोआप कुलूप लागलं.

"बयो? पोरी, बोल ना!"

"जहाजावर एक अनोळखी इसम आढळला आहे," बयो तिच्या नेहमीच्या गोड आवाजात कुणाला तरी सांगत होती. "त्याचं काय करू?"